पराशा : एक पान आणि अनेक भाष्यकार

मी बेने इस्राएल आहे हे कळले की वर्गातल्या मैत्रिणी हटकून विचारतात, "मग तुम्ही घरी मराठीच बोलता?" मराठीच बोलतो. पिढ्यान्‌पिढ्या कोकणात तेल गाळणारा आणि शनिवारी घाणा बंद ठेवतो म्हणून 'शनवार तेली' ठरलेला आमचा समाज. त्याची मातृभाषा दुसरी कोणती असणार? पुढचा प्रश्न मात्र एका वाक्यात सुटत नाही : "तुमच्या धर्मग्रंथाचा अभ्यास तुम्ही कसा करता?" हा लेख त्या प्रश्नाकरिता.

तोरा म्हणजे मोशेची पाच पुस्तके. त्यांचे ५४ भाग पाडले आहेत. एका भागास पराशा म्हणतात. दर शब्बाथला, म्हणजे शनिवारी, प्रार्थनालयात एक पराशा, क्वचित दोन, वाचतात. सिम्हाथ तोरा या सणाला शेवटचा भाग संपतो आणि लगेच पहिल्या अध्यायापासून पुन्हा आरंभ होतो. दर श्रावणात तीच पोथी नव्याने लावणाऱ्या घरांना यात नवल वाटणार नाही.

परंतु वाचन म्हणजे अभ्यास नव्हे. आठवड्याची पराशा मूळ हिब्रूत दोनदा व अरामी भाषांतरात एकदा वाचावी, असा तालमूदचा दंडक आहे. अरामी ही तेव्हाची लोकांची बोली. म्हणजे लोकभाषेला या अभ्यासात फार पूर्वीपासून मान आहे. त्यानंतर येतात भाष्यकार. १५२४-२५ मध्ये व्हेनिस येथे डॅनिएल बोम्बर्गच्या छापखान्यातून निघालेल्या आवृत्तीने अभ्यासाच्या पानाची मांडणी रूढ केली : मूळ वचन, शेजारी ओंकेलोसचे अरामी भाषांतर, आणि भोवती फ्रान्समधील राशी (१०४०-११०५), स्पेनमधील व्याकरणकार इब्न एझ्रा आदींच्या टीका. आजच्या प्रतींत स्पेनमधल्याच रांबानची (११९४-१२७०) टीकाही सोबत असते.

बहुधा दिवाळीच्या आगेमागे येणारी नोहाची पराशा उदाहरणादाखल घेऊ. नोहाला नीतिमान म्हणताना मूळ ग्रंथ 'आपल्या पिढ्यांमध्ये' असे शब्द जोडतो. ते कशासाठी? राशी पूर्वसूरींची दोन मते देतो. एक : भ्रष्ट काळातही तो चांगला राहिला, सज्जनांच्या काळात तर अधिकच चांगला झाला असता. दुसरे : तो केवळ त्या काळापुरताच चांगला, अब्राहामाच्या काळी त्याला कोणी विचारले नसते. राशी निकाल देत नाही. रांबान म्हणतो, सरळ अर्थ एवढाच की त्या पिढ्यांत नीतिमान असा तो एकटाच होता.

कच्च्या वर्गात पहिला आलेल्या विद्यार्थ्याचे कौतुक करावे की नाही, हा वाद आपल्याला नवा नाही. माणसाला त्याच्या काळाच्या मापाने मोजावे की काळापलीकडच्या, हा त्यातला खरा प्रश्न. परस्परविरोधी उत्तरे शेकडो वर्षे एकाच पानावर शेजारी नांदत आहेत, कोणीही कोणाला खोडून टाकलेले नाही, हे मला या अभ्यासाचे मर्म वाटते.

आमच्या समाजाने हे ज्ञान मराठीत आणण्याची खटपट केली. जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४-१९०५) यांनी प्रार्थनापुस्तके मराठीत आणली. १८८० च्या सुमारास मुंबईत बेने इस्राएल कीर्तने सुरू झाली. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने ओव्या-साक्यांत रंगू लागली. कथा सांगता सांगता तिचा अर्थ लावणारा कीर्तनकार हाही माझ्या मते भाष्यकारच होय.

१९४८ नंतर समाजातील बहुसंख्य लोक इस्राएलला गेले. मुलुंडला आमच्या शेजारच्या ठाण्यात १८७९ सालचे 'शाअर हाशामाईम' प्रार्थनालय आहे. पण परंपरेप्रमाणे गुंडाळीवरून जाहीर वाचन करण्यास दहा प्रौढ पुरुष लागतात, आणि शब्बाथला वाहनात बसू नये असा नियम. अंधेरी-बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत पांगलेल्या कुटुंबांनी हे जमवावे कसे? आमच्या घरी शुक्रवारी रात्री आजोबा हिब्रू वाचतात, मी इंग्रजी भाषांतरातून राशी वाचते आणि भांडतो मात्र आम्ही मराठीत. आजोबा नोहाच्या बाजूचे. मी अजून ठरवलेले नाही.

घरी पराशा उघडायला दहा जण लागत नाहीत. वाद घालायला मात्र दुसरे माणूस लागतेच. आणि त्या दुसऱ्या माणसाला माझी भाषा यावी, एवढीच माझी इच्छा आहे.