आयर्लंडचें फिडल आणि पहिली ध्वनिमुद्रिका

फिडल व व्हायोलिन हीं दोन निरनिराळीं वाद्यें आहेत अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु वस्तुतः तें एकच वाद्य होय. चार तारा, एक गज आणि हनुवटीखालीं धरावयाची ती परिचित पोकळ पेटी, यांत कांहींएक भेद नाहीं. भेद आहे तो वाजविणाराच्या विद्येंत. व्हायोलिनवादक बहुधा समोर ठेवलेल्या स्वरलिपीवरून वाजवितो. आयर्लंडांतील फिडलवादक बापाकडून, शेजाऱ्याकडून अथवा गांवोगांव फिरणाऱ्या एखाद्या वादकाकडून कानानें घेतलेली चाल वाजवितो. अशा वादकाची पहिली ध्वनिमुद्रिका, म्हणजे ज्यास हल्लीं ‘अल्बम’ म्हणतात ती, बाहेर पडते तेव्हां नक्की काय घडतें, हें वाचकांस समजावून सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या चाली मुळांत नाचासाठीं झालेल्या. ‘जिग’ हा प्रकार सहा मात्रांचा, म्हणजे आपल्या दादऱ्याच्या जवळचा. ‘रील’ ही आठांच्या हिशेबानें चालते व केरव्याची आठवण करून देते. चालीचे दोन भाग असतात, प्रत्येक भाग दोनदां वाजविला कीं एक फेरी पुरी होते. रीलची फेरी सुमारें अर्ध्या मिनिटांत आटोपते. मग तीच चाल पुनः, आणि कांहीं फेऱ्यांनंतर मध्यें न थांबतां दुसरी. खरी कसोटी येथेंच आहे. दुसरी फेरी पहिलीची हुबेहूब नक्कल झाली तर जाणत्या श्रोत्यांचें समाधान होत नाहीं. कोठें बोटाचा हलका झटका, कोठें एका स्वराभोंवतीं घेतलेलें वळण, कोठें गजाचा तिहेरी आघात, असें कांहीं तरी नवें यावयास पाहिजे. शिवाय प्रांताप्रांताचें वळण निराळें. उत्तरेकडील डोनेगॉलमध्यें गजाचे आघात आंखूड व जोरदार. स्लायगोमध्यें गति चपळ व अलंकार विपुल. क्लेअरमध्यें चाल संथ आणि करुण. नैर्ऋत्येकडील स्लीव्ह लूखरा या डोंगराळ मुलखांत पाड्रिग ओकीफ (१८८७–१९६३) या नांवाचे शिक्षक होऊन गेले. शाळेची नोकरी गेल्यावर ते पायीं फिरून फिडल शिकवीत. शिष्यांस रूढ स्वरलिपी जड जाई, म्हणून त्यांनीं कागदावरील चार ओळींच्या जागा म्हणजे चार तारा आणि आंकडे म्हणजे बोटें, अशी सोपी युक्ति काढिली होती. ही युक्ति आमच्या विद्यार्थिमित्रांनीं लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

आतां ग्रामोफोनकडे वळूं. आयरिश संगीताच्या तबकड्यांचा व्यापार प्रथम भरभराटीस आला तो आयर्लंडांत नव्हे, तर न्यूयॉर्क शहरांत, पोटासाठीं देशांतर केलेल्या लोकांमध्यें. एलन ओबर्न नांवाच्या एका दुकानदार बाईंनीं १९१६ सालीं कोलंबिया कंपनीकडे जाऊन, तुम्ही आमचें संगीत मुद्रित करा, ५०० तबकड्या मी स्वतः विकत घेतें, असें वचन दिलें, आणि कंपनीचें मन वळविलें. दुकानदारीची एवढी चांगली गोष्ट आमच्या ऐकण्यांत थोडीच आली आहे.

पुढें १९२१ सालीं मायकेल कोलमन याची पहिली तबकडी निघाली. हा १८९१ सालीं स्लायगो परगण्यांतील किलाव्हिल येथें जन्मला व १९१४ सालीं अमेरिकेस गेला. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूस सुमारें तीन मिनिटेंच मावत. आपल्याकडील ख्यालगायकांसही याच तीन मिनिटांत राग बसवावा लागे, हें जुन्या तबकड्या ऐकलेल्या पालकांस ठाऊकच आहे. कोलमननें या मर्यादेंत जें साधलें तें अद्भुत होय. १९३४ सालीं ‘टार्बोल्टन’ ही रील व तिच्या पाठोपाठ आणखी दोन, अशी त्यानें मुद्रित केलेली मालिका आजही त्याच क्रमानें वाजविली जाते.

परंतु येथेंच एक अडचण उत्पन्न झाली. या तबकड्या आगबोटींतून मायदेशीं आल्या. ज्या खेड्यांत शेजारचा वादक हाच गुरु, तेथें आतां यंत्रांतला कोलमन गुरु झाला. तरुण मंडळी तबकडी पुनःपुनः लावून त्याचा प्रत्येक अलंकार उचलूं लागली, आणि स्लायगोचें वळण इतर परगण्यांतही पसरलें. आपल्या गांवचें वादन कमी प्रतीचें आहे असें वाटून कित्येकांनीं तें टाकून दिलें. याचा दोष कोलमनकडे जात नाहीं असें आमचें मत आहे. तो बिचारा वाजवून मोकळा झाला. दोष असेल तर, एका दिवशीं एका खोलींत वाजविलेली फेरी हीच चालीची खरी मूर्ति, असें मानणाऱ्या कानांचा.

‘अल्बम’ हें नांवही त्याच काळचें. अनेक तबकड्या छायाचित्रांच्या वहीप्रमाणें बांधलेल्या पुठ्ठ्यांत ठेवीत, त्या वहीस तें नांव होतें. १९४८ सालीं बाजूस वीस मिनिटांहून अधिक वाजणारी लांब तबकडी निघाली. वही गेली, नांव मात्र राहिलें. या वाढलेल्या अवकाशाचा फायदा ज्यांनीं खरोखर घेतला त्यांत डब्लिनचे टॉमी पॉट्स यांस आम्ही अग्रस्थान देतों. हे अग्निशामक दलांत नोकरी केलेले गृहस्थ. त्यांची ‘द लिफी बँक्स’ ही पहिली ध्वनिमुद्रिका १९७२ सालीं, म्हणजे वयाच्या साठीच्या सुमारास निघाली, आणि त्यांच्या हयातींत दुसरी निघालीच नाहीं. ते चाल मोडीत, लांबवीत, मध्येंच भलतीकडे नेत. नाचणाऱ्यास त्यावर पाऊल टाकणें कठीण. पण ऐकणाऱ्यास ओळखीची चाल नव्यानें भेटे.

त्यानंतरचें उदाहरण पूर्व क्लेअरमधील मार्टिन हेज यांचें. यांचे वडील पी. जे. हेज हे टुल्ला येथील प्रसिद्ध नृत्यवाद्यवृंदाचे प्रमुख होते. मार्टिन अमेरिकेंत जाऊन राहिले व १९९३ सालीं त्यांनीं आपली पहिली स्वतंत्र ध्वनिमुद्रिका काढिली. द्रुत वादनाची चढाओढ चालूं असतां यांनीं आपल्या गांवचें संथ, हळवें वळणच पुढें ठेविलें. ज्या यंत्रानें प्रांतांचें वैचित्र्य पुसलें, त्याच यंत्रानें एका प्रांताचा आवाज जगभर पोहोंचविला, ही गंमत आहे.

आज नवा वादक पहिली ध्वनिमुद्रिका काढितो तेव्हां तीबरोबर पुष्कळदां एक लहान पुस्तिका असते. तींत प्रत्येक चालीखालीं, ती कोणाकडून मिळाली, कोठें ऐकली, हें लिहिलेलें आढळतें; त्यांत आजोबा असतात, शेजारीण असते, आणि कित्येकदां कोलमनची एखादी जुनी तबकडीही असते.