‘डोळे कुठे होते तुझे?’

भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या युनिटमध्ये मी क्वालिटीला होतो, तेव्हाची गोष्ट. चाकणच्या कस्टमरचा सकाळी सकाळी फोन आला : तुमच्या लॉटमध्ये ब्लो होलचा जॉब सापडलाय, माणूस पाठवा. ॲल्युमिनियमचं कास्टिंग, आणि ऐन सीलिंग फेसवर ज्वारीच्या दाण्याएवढं भोक. शेजारीच आमच्या फायनल इन्स्पेक्शनचा हिरवा ठिपका. म्हणजे कुणीतरी तो जॉब हातात घेऊन, फिरवून, ओके करून क्रेटमध्ये ठेवला होता.

साहेबांनी नाईट शिफ्टच्या पोराला थांबवून घेतलं आणि विचारलं, “डोळे कुठे होते तुझे?”

तो म्हणाला, “सर, मी बघितला होता तो जॉब.”

सगळ्यांना ते खोटं वाटलं. मलाही. रिपोर्टमध्ये कारण लिहिलं गेलं ‘ऑपरेटरचं दुर्लक्ष’ आणि उपाय लिहिला ‘समज दिली’. पुढे पाहण्याच्या शास्त्रावर थोडं वाचलं, तेव्हा कळलं की पोरगा बहुधा खरं बोलत होता. पाहण्याबद्दलचे आपलेच काही समज चुकीचे होते.

गैरसमज १ : डोळा म्हणजे कॅमेरा. समोर असेल ते सगळं टिपतो.

वस्तुस्थिती : हात सरळ लांब करा आणि अंगठ्याच्या नखाकडे बघा. एका वेळी तुम्हाला बारकाईनं दिसतं ते साधारण त्या नखाएवढ्याच जागेतलं. बाकीचं सगळं अंधुक असतं. पटत नसेल तर या ओळीतल्या एका शब्दावर नजर रोखा आणि नजर न हलवता चार शब्द पलीकडचं वाचून बघा.

मग जग अंधुक का वाटत नाही? कारण डोळा सेकंदाला तीन-चार उड्या मारत वेगवेगळे तुकडे गोळा करतो आणि मेंदू ते जोडतो. उडी चालू असतानाचं अस्पष्ट दृश्य मेंदू दाबून टाकतो. म्हणून आरशात स्वतःचे डोळे हलताना कधीच दिसत नाहीत. दृष्टिपटलावर सुमारे दहा कोटी प्रकाशग्राही पेशी आहेत, पण तिथून मेंदूकडे निघणाऱ्या नसेत तंतू जेमतेम दहा-बारा लाख. ही नस जिथून बाहेर पडते तिथे तर एकही पेशी नाही, म्हणजे प्रत्येक डोळ्यात एक आंधळा ठिपका आहे. एद्म मारिऑत या फ्रेंच शास्त्रज्ञानं तो १६६० च्या दशकात दाखवून दिला. तिथलं चित्र मेंदू आजूबाजूचा अंदाज घेऊन भरतो.

डोक्याच्या मागच्या भागात, मेंदूच्या दृष्टिकेंद्रात, जे तयार होतं ते असं अर्धं टिपलेलं आणि अर्धं अंदाजानं भरलेलं असतं. तळहाताएवढ्या कास्टिंगवर नजर जिथे टेकलीच नाही, तिथला भागही ‘स्वच्छ’ वाटू शकतो. चांगला इन्स्पेक्टर म्हणूनच जॉब ठरलेल्या क्रमानं फिरवतो : आधी फेस, मग बोअर, मग कडा.

गैरसमज २ : नजर तिथे गेली, म्हणजे दिसलंच पाहिजे.

वस्तुस्थिती : २०१३ साली अमेरिकेत २४ रेडिओलॉजिस्टना फुफ्फुसाचे स्कॅन दिले आणि त्यांतल्या गाठी शोधायला सांगितल्या. एका स्कॅनमध्ये मुद्दाम गोरिलाचं चित्र घातलं होतं, नेहमीच्या गाठीच्या सुमारे ४८ पट मोठं. २४ पैकी २० जणांना ते दिसलं नाही. डोळ्यांच्या हालचाली नोंदवणारं यंत्र सांगत होतं की त्या वीसांतल्या निम्म्याहून अधिक जणांची नजर थेट गोरिलावर पडून गेली होती.

मेंदू जे शोधत असतो त्याला वाट देतो आणि बाकीच्याला दारातच थांबवतो. आमचा पोरगा त्या आठवड्यात बर, म्हणजे कडेला राहिलेला धातूचा काटा, शोधत होता, कारण मागची कंप्लेंट बरची होती. त्याची नजर कडांवरून फिरत होती. भोकावरून ती गेलीही असेल.

गैरसमज ३ : मन लावून काम केलं, तर आठ तास नजर सारखीच राहते.

वस्तुस्थिती : दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाला पडलेला प्रश्न हाच होता. रडारवर पाणबुड्या शोधणारे तरबेज जवान काही वेळानं खुणा चुकवू लागत. नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञानं एक घड्याळ बनवलं. त्याचा काटा टकटक पुढे सरकायचा आणि क्वचित एकदम दुप्पट उडी घ्यायचा. ती उडी ओळखायची, एवढंच काम. १९४८ साली त्यानं निष्कर्ष मांडला : पहिल्या अर्ध्या तासातच चुका वाढू लागतात.

दुसरी अडचण आकड्यांची. जेरेमी वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली लोकांना गर्दीच्या चित्रांत ठरावीक वस्तू शोधायला लावल्या. निम्म्या चित्रांत वस्तू होती, तेव्हा ७ टक्के वेळा ती हुकली. शंभरात एकाच चित्रात होती, तेव्हा ३० टक्के वेळा हुकली. जे क्वचित सापडतं, ते शोधणं मेंदू लवकर सोडून देतो.

आमच्याकडे शिफ्टला १५०० जॉब आणि त्यांत खराब तीन-चार. जेवण-चहाचा अर्धा तास वजा केला, तर एका जॉबला १८ सेकंद. वर पहाटेचे तीन वाजलेले, जेव्हा शरीराचं घड्याळ झोप मागत असतं. रिजेक्शन जितकं कमी, तितकं उरलेलं पकडणं अवघड, हे आमच्या कुठल्याच चार्टवर लिहिलेलं नव्हतं.

गैरसमज ४ : ओके की रिजेक्ट, हे जॉबवर ठरतं.

वस्तुस्थिती : ते जॉब आणि माणूस दोघांत मिळून ठरतं. निर्णय घेताना मेंदू पुरावा थोडाथोडा साठवतो आणि साठा एका उंबरठ्याला पोचला की कौल देतो. घाई असेल तर हा उंबरठा खाली येतो, निर्णय लवकर होतात आणि चुकतातही जास्त. कौल कुठल्या बाजूला झुकणार, हेही परिस्थितीवर ठरतं. कंप्लेंटच्या दुसऱ्या दिवशी तोच माणूस साध्या ओरखड्यालाही रिजेक्ट म्हणतो. गाडी गेटवर उभी असली आणि डिस्पॅचवाला डोक्याशी येऊन थांबला, की त्याच ओरखड्याला ओके मिळतो. नजर तीच असते, कौल सरकलेला असतो. टेबलावर लिमिट सॅम्पल, म्हणजे ‘इथवर ओके’ दाखवणारा नमुना, ठेवतात ते यासाठीच. आठवणीशी तुलना करण्यापेक्षा समोरच्या तुकड्याशी तुलना केली, की कौल कमी सरकतो.

गैरसमज ५ : ट्यूबलाइट वाढवल्या, की सगळं दिसेल.

वस्तुस्थिती : उजेड किती, याइतकाच तो कुठून येतो हे महत्त्वाचं. मेंदू गृहीत धरतो की प्रकाश वरून येतो, कारण सूर्य वर असतो. त्यावरून तो सावली वाचतो. डेंटचा फोटो उलटा धरून बघा, खड्ड्याचा उंचवटा होईल. सपाट, भरपूर उजेडात सावलीच पडत नाही, मग उथळ डेंट दिसणार कशानं? गाड्यांच्या पेंट शॉपमध्ये बॉडी ट्यूबलाइटच्या बोगद्यातून नेतात. चकचकीत पत्र्यावर दिव्यांच्या सरळ रेघा उमटतात आणि जिथे रेघ वाकते तिथे डेंट असतो. मुरलेले लोक वर हातमोजा घालून पत्र्यावरून तळवाही फिरवतात.

गैरसमज ६ : रस्त्यावर दिसलं, की ब्रेक लागतोच.

वस्तुस्थिती : नाईट सुटून पुणे-नाशिक महामार्गानं घरी निघालेल्यांनी हा हिशोब पाठ करावा. अचानक समोर काही आलं, तर ते ओळखून, ठरवून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सुमारे दीड सेकंद जातो. ताशी ६० किलोमीटरला तेवढ्यात गाडी २५ मीटर पुढे गेलेली असते, आणि ब्रेक लागायला तर तिथून सुरुवात होते. शिवाय लहान वस्तू मेंदूला दूरची वाटते. त्याच अंतरावर, त्याच वेगानं येणारा कंटेनर ‘आला’ वाटतो आणि दुचाकी ‘अजून लांब आहे’ वाटते. चाकणच्या चौकात वळणाऱ्या ड्रायव्हरला दुचाकी दिसत नाही, किंवा दिसूनही वेळ आहे असं वाटतं. दुचाकीवाल्यानं ‘त्यानं मला बघितलंय’ यावर भरवसा ठेवू नये.

गैरसमज ७ : कॅमेरा बसवला, की प्रश्न मिटला.

वस्तुस्थिती : मशीनचा कॅमेरा थकत नाही, हे खरं. पण दिव्याचा कोन आणि ओके-रिजेक्टची रेघ माणूसच ठरवतो. रेघ कडक ठेवली तर चांगले जॉब बाहेर पडतात, आणि मग वैतागून कुणीतरी ती सैल करतं. जपानच्या शिगेओ शिंगो यांनी १९६० च्या दशकात पोका-योके मांडलं, त्याचा रोख वेगळा होता : चूक होऊच शकणार नाही अशी रचना करा. ज्यात जॉब उलटा बसतच नाही असा फिक्स्चर कुणाच्याही नजरेवर अवलंबून नसतो.

आम्ही काय केलं? दिवा तिरका लावला, दर अर्ध्या तासानं इन्स्पेक्शनचा माणूस बदलला आणि नंबर घातलेले चार-पाच खराब जॉब मुद्दाम लॉटमध्ये सोडायला लागलो, शिफ्टअखेर मोजून परत घेण्यासाठी. विमानतळावर सामानाच्या एक्स-रे पडद्यावर अधूनमधून खोटी हत्यारं दाखवतात, त्यातलाच प्रकार. नजर शोधत राहते.

त्या पोराची माफी कुणी मागितली नाही. पण पुढच्या कंप्लेंटला, पाच वेळा ‘का?’ विचारून मूळ कारण शोधायच्या ‘व्हाय-व्हाय’च्या कागदावर मी सवयीनं ‘ऑपरेटरचं दुर्लक्ष’ लिहिलं, तेव्हा साहेबांनी त्यावर रेघ मारून कागद परत सरकवला. म्हणाले, “हा पहिला व्हाय झाला. अजून चार बाकी आहेत.”