रात्रीची मुंबई : प्रकृतीच्या कारणास्तव

मुंबईत मद्यपान करावयाचे तर कायद्याने परवाना लागतो, हे आजच्या तरुण मंडळींना सांगितले की ती हसतात. परंतु १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, नाव बदलून का होईना, अजून हयात आहे. आणि त्या परवान्यावर पिण्याचे जे कारण छापलेले असते ते मोठे मौजेचे आहे. प्रकृतिस्वास्थ्य राखण्यासाठी! म्हणजे शनिवारी रात्री कुलाब्यापासून बोरिवलीपर्यंत जी हजारो माणसे पेले समोर ठेवून बसलेली दिसतात, ती सारी सरकारदरबारी औषध घेत असतात. सौम्य औषध, म्हणजे बिअर आणि वाइन, वयाच्या २१ व्या वर्षानंतर. कडक औषध २५ व्या वर्षानंतर.

ज्या अंकात पलीकडच्या पानावर अनारशांची कृती असते, तेथे हा विषय कशाला, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. या जागा पेला न उचलताही पाहण्यासारख्या आहेत. आम्ही स्वतः लिंबू-सोड्याच्या फारसे पुढे गेलेलो नाही, आणि तरीही अनेक रात्री सत्कारणी लागल्या असे आमचे मत आहे.

सुरुवात कुलाब्याच्या कॉजवेवरून करावी. लिओपोल्ड कॅफे तेथे १८७१ पासून आहे. संगमरवरी टेबले, वर गरगरणारे पंखे, आणि जगाच्या पाठीवरचा प्रत्येक देश शेजारच्या टेबलावर. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अतिरेक्यांनी येथे गोळीबार केला. गिऱ्हाइके आणि नोकर बसल्या-उभ्या जागी मारले गेले. काही दिवसांतच मालकांनी दार पुन्हा उघडले, आणि गोळ्यांच्या खुणा बुजवल्या नाहीत. त्या खुणांपुढे उभे राहून हसतमुखाने फोटो काढून घेणारे लोक पाहिले की आम्हांला बरे वाटत नाही; पण त्या खुणा ठेवल्या हे मात्र बरे झाले.

थोड्या अंतरावर कॅफे माँडेगार आहे. त्याच्या भिंतींवर मारिओ मिरांडांची चित्रे आहेत. लठ्ठ शेठजी, टपोऱ्या डोळ्यांच्या बाया, हातगाडीवाले, कुत्री, सारी मुंबई तेथे दाटीवाटीने बसली आहे. मुलांना दुपारी तेथे न्यावे आणि चित्रांतली कुत्री मोजायला लावावी. तेवढ्यात आपले सँडविच शांतपणे खाऊन होते. आणि ताजमहाल हॉटेलच्या पाठच्या गल्लीत गोकुळ आहे. दिवाणखान्याचा थाट नाही, सजावट नाही, पण कारकुनापासून कॉलेजकुमारापर्यंत सर्वांना परवडणारी ती जागा आहे. समुद्राचा वारा तोच, बिलाचा आकडा मात्र पुष्कळ लहान.

खुद्द ताजची गोष्ट निराळी. हॉटेल १९०३ मध्ये उघडले आणि तिथला हार्बर बार १९३३ चा. खिडकीतून गेटवे आणि बंदर दिसते, आणि त्या दृश्याचे पैसे बिलात धरलेले असतात. पण आमच्या लेखी ताजचे खरे वैभव म्हणजे तिथले नृत्यदालन. १९३५ मध्ये लिऑन ॲबे हा अमेरिकेचा कृष्णवर्णी वादक आपला जाझचा ताफा घेऊन तेथे आला. पाठोपाठ टेडी वेदरफर्डसारखा पियानोवाला आला. त्यांचे ऐकून, त्यांच्या शेजारी बसून आपल्या गोव्याच्या वादकांनी ती विद्या उचलली. उचलणे सोपे गेले, कारण गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून त्यांना पाश्चात्त्य स्वरलेखन आणि व्हायोलिन लहानपणीच शिकवलेले असे.

त्यांच्यातला आंतोनियो शाव्हियेर वाझ नावाचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट या नावाने गाजला. रात्री ताजमध्ये वाजवायचे आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत जायचे, असा या मंडळींचा शिरस्ता. संगीत दिग्दर्शक पेटीवर चाल ऐकवीत. ती कागदावर उतरवून वीस-पंचवीस वाद्यांत वाटून देणारा बहुधा गोवेकरच असे. पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकरांनी, म्हणजे आपल्या सी. रामचंद्रांनी, १९५१ च्या 'अलबेला'त या चिक चॉकलेटला आणि त्याच्या साथीदारांना वाजवायलाच नव्हे, तर पडद्यावरही आणले. ज्या ठेक्यावर भगवानदादा पालव नाचले आणि ज्या चालीची नक्कल गणपतीच्या मिरवणुकीत घरोघरच्या काकांनी केली, त्या ठेक्याला ताजच्या रात्रींचा वास आहे. दादर-गिरगावच्या सोवळ्या माजघरात नाइट क्लब रेडिओवाटे केव्हाच येऊन बसला होता. आजीला तेवढे कळले नव्हते.

आता एक विलक्षण गोष्ट लक्षात घ्यावी. १९५० मध्ये मुंबईत कडक दारूबंदी आली. अधिकृत पेले बंद झाले आणि गल्लीबोळांतून 'आंटीचे अड्डे' सुरू झाले. हातभट्टीची दारू विकून मुलांची शाळेची फी भरणाऱ्या कितीतरी बायका त्या काळात होत्या. पण वाद्यवृंद मात्र बंद पडले नाहीत. उलट चर्चगेट स्ट्रीटवर, आजच्या वीर नरिमन रस्त्यावर, हॉटेलांची रांगच्या रांग रोज रात्री वाजत असे : ॲस्टोरिया, ॲम्बॅसेडर, रिट्झ, बाँबेलीज, आणि १९५६ चे गेलॉर्ड. रविवारी सकाळी कॉलेजची मुले एका कोल्ड कॉफीवर दोन-दोन तास जाझ ऐकत. १९६४ मध्ये तर साक्षात लुई आर्मस्ट्राँग मुंबईत येऊन वाजवून गेला.

पुढे साठ-सत्तरच्या दशकांत दारूबंदी सैल झाली, परमिट रूम निघाल्या, आणि थोड्याच वर्षांत बँड उठले! सात वादकांच्या पगारापेक्षा तबकड्या लावणारा एक माणूस स्वस्त पडतो, हा हिशेब मालकांना कळला. करांचा बोजाही होताच. दारू आली आणि वाजंत्री गेली. रंग भरणारी गोष्ट कोणती होती, हे यावरून ज्याने त्याने ठरवावे. गेलॉर्ड अजून आहे. त्याच्या पडवीत बसून कॉफी घ्यावी. ती चांगली असते.

उपनगरांतल्या परमिट रूमबद्दल काय सांगावे? अंधूक दिवे, मसाला पापड, चण्याशेंगदाण्यांची बशी, आणि पडद्याआड दर वाढवून ठेवलेला 'ए. सी.' विभाग. पुरुषांचे ते राज्य. कुटुंबासह जाण्यात अर्थ नाही. यांतल्याच काही ठिकाणी डान्स बार झाले. २००५ मध्ये सरकारने त्यांवर बंदी घातली, आणि हजारो बाया एका फटक्यात बेकार झाल्या. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी घटनाबाह्य ठरवली. नीतीच्या नावाने बरीच भाषणे झाली. पण घरभाडे कोठून भरायचे, हा त्या बायांचा प्रश्न भाषणात कोठे आला नाही.

राहिले गिरणगाव. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि बहुतेक भोंगे पुन्हा वाजलेच नाहीत. त्या जमिनींवर लोअर परळला आज रात्रीची झगमग आहे. तेथे मथुरादास मिलच्या आवारात २००७ मध्ये ब्लू फ्रॉग निघाले. खऱ्या वादकांना खरे व्यासपीठ आणि उत्तम ध्वनियोजना देणारी तशी दुसरी जागा मुंबईत नव्हती. २०१६ मध्ये तेही मिटले. पुढच्याच वर्षी, २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर, जवळच्या कमला मिल आवारातील गच्चीवरच्या पबला आग लागली आणि १४ जीव गेले. बहुतेक तरुण; कोणी वाढदिवसाला आलेले.

म्हणून गच्चीवरच्या, तळघरातल्या किंवा छपराखालच्या कोणत्याही जागी मुलेबाळे जाणार असतील, तर आत शिरताच दुसरा दरवाजा कोठे आहे ते पाहून ठेवायला त्यांना सांगावे. दरवाजा सापडेना, किंवा त्याच्यापुढे खुर्च्यांची चळत दिसली, तर तेथून निघावे. पैसे भरले असले तरी. जाण्याआधी जाहिरात नीट वाचावी. वाजवणारी माणसे असतील तो वार निवडावा, शनिवार टाळावा. परतीचे मात्र घड्याळ सांभाळावे. चर्चगेटहून बोरिवलीची शेवटची लोकल रात्री एकच्या सुमारास सुटते, आणि गिटारची पेटी मांडीवर आडवी घेऊन पेंगणारा एखादा वादक तिच्यात अजूनही भेटतो.