शेणाचा दगड आणि पोटातले जंत

शेण आपल्या रोजच्या हातातलं. त्यानं आपण अंगण सारवतो, गोवऱ्या थापतो, खत करतो. पण शेणाचा दगड झालेला कधी ऐकलाय का?

वेरूळ-अजिंठ्याची लेणी ज्या काळ्या दगडात कोरली, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा गावाजवळ त्या लाव्हाच्याही आधीच्या थरात डायनासोरांची विष्ठा सापडते. ती गाळात दबली, पाण्यातले क्षार तिच्यात झिरपले आणि तिचा दगड झाला.

अभ्यासक असा तुकडा आम्लात विरघळवतात आणि उरलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. पिसदुऱ्याच्या या दगडांत गवताचे सूक्ष्म कण असल्याचं डॉ. वंदना प्रसाद, डॉ. अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी 2005 साली दाखवलं. म्हणजे डायनासोर गवतही खात होते! पानांवर रोग पाडणाऱ्या बुरशीच्या खुणाही तिथं मिळाल्या. बेल्जियममधल्या डायनासोरच्या विष्ठेत तर 2006 साली चक्क जंतांची अंडी दिसली. जंताचा त्रास माणसाच्याही आधीचा आहे.

मऊ जंत कुजून जातो, मग अंडं कसं टिकतं? त्याचं कवच चिवट असतं म्हणून. दगडातली अंडी कधीच मेली, त्यांची भीती नाही. पण आजच्या गोल जंताचं अंडंही असंच चिवट. उघड्यावर शौचाला बसलं की ती अंडी मातीत मिसळतात आणि ओलसर सावलीत काही वर्षंही जिवंत राहू शकतात. तिथून न धुतलेल्या भाजीवरून, लेकरांच्या नखांतून ती पोटात जातात. आकडेकृमीची अळी तर अनवाणी पायातून शिरते आणि आतड्यात रक्त पिते. लेकरू खातं, पण अंगी लागत नाही. आपल्यालाही रक्त कमी पडतं, धाप लागते.

म्हणून आम्ही सांगतो: शौचालय वापरा. जेवणाआधी आणि शौचानंतर साबणानं हात धुवा. कच्ची भाजी स्वच्छ पाण्यानं धुऊन खा. शेतात चप्पल घाला. 10 फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिन असतो. त्या वेळी 1 ते 19 वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत आणि शाळेत गोळी मोफत मिळते, ती चुकवू नका. गरोदर बाईनं मात्र डॉक्टरांना विचारूनच औषध घ्यावं.

कोट्यवधी वर्षं टिकलेला हा पाहुणा आपल्या घरात तरी राहू नये, एवढं आपल्या हातात आहे.