नव्या कॅमशाफ्टची पहिली वीस मिनिटे

नवा कॅमशाफ्ट इंजिनात बसवल्यानंतर तो वर्षानुवर्षे चालणार की थोड्याच दिवसांत घासून निकामी होणार, याचा निकाल बहुधा इंजिन पहिल्यांदा सुरू झाल्यानंतरच्या वीस-तीस मिनिटांत लागून जातो. आणि त्या मिनिटांत काय घडेल, हे त्याआधी त्याला कोणते वंगण, कुठे आणि कसे लावले गेले यावर पुष्कळ अंशी अवलंबून असते. कॅमशाफ्ट हा व्हॉल्व्हची उघडझाप करणारा दांडा होय. त्याच्या अंगावर ठरावीक अंतरावर अंडाकृती उंचवटे घडवलेले असतात, त्यांना लोब म्हणतात. दांडा फिरला, की लोब आपल्यावर टेकलेल्या टॅपेटला उचलतो, टॅपेट पुशरॉड नावाच्या सळईला ढकलतो, सळई रॉकरच्या तरफेला, आणि रॉकर स्प्रिंगचा जोर मोडून व्हॉल्व्ह उघडतो. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात, तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो.

हा विषय समजून घेण्यासाठी शेव्हरोले कंपनीचे १९५५ साली आलेले ‘स्मॉल ब्लॉक’ व्ही-८ इंजिन सोयीचे आहे, कारण अमेरिकेत जुनी इंजिने घरच्या गॅरेजात उघडून पुन्हा बांधण्याची जी मोठी हौस आहे, तिच्यात याच इंजिनावर सर्वाधिक हात चालले असावेत. यात कॅमशाफ्ट सिलिंडरच्या दोन रांगांच्या मध्ये, ब्लॉकच्या पोटात असतो. त्यावर सोळा लोब, त्यांच्यावर सोळा टॅपेट, आणि दांडा पेलायला पाच बेअरिंगे. अँबॅसडर आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीची प्रीमियर पद्मिनी यांची जुनी पेट्रोल इंजिने चार सिलिंडरची आणि आकाराने लहान असली, तरी ब्लॉकमधला कॅमशाफ्ट आणि वर जाणारे पुशरॉड ही मांडणी त्यांच्यातही होती.

जुन्या धाटणीच्या या इंजिनांतला टॅपेट सपाट बुडाचा म्हणून ओळखला जातो, पण त्याचे बूड खरोखर सपाट नसते. त्याला नजरेला न दिसणारा, हजारांश इंचाच्या मापातला फुगवटा दिलेला असतो. लोबचा पृष्ठभागही एका कडेकडे तितकाच सूक्ष्म उतरता घासलेला असतो, आणि टॅपेटचे केंद्र लोबच्या मध्यावर न येता किंचित बाजूला येते. या तिन्हींचा मिळून परिणाम असा, की लोब टॅपेटला वर उचलता उचलता स्वतःभोवती फिरवतोही, त्यामुळे घर्षण एकाच रेषेवर न होता बुडावर सर्वत्र वाटले जाते. हे फिरणे थांबले, की लोब टॅपेटच्या एकाच भागावर घासत राहतो, आणि मग बूड खोलगट होणे व लोबचे टोक झिजणे या दोन्ही गोष्टी इतक्या झपाट्याने होतात, की तासाभरात व्हॉल्व्ह जेमतेम उघडू लागतो. म्हणून जाणता मिस्त्री टॅपेट बसवण्यापूर्वी तो आपल्या भोकात बोटाने सहज फिरतो का, हे एकेक करून पाहतो.

फुगीर बूड आणि उतरता लोब यांची भेट नखाएवढ्याही जागेत होत नाही. स्प्रिंगचा सगळा भार त्या चिमुकल्या जागेवर येतो, आणि दर चौरस इंचावरचा दाब लाख पौंडांच्या घरात जातो. दोन्ही भाग नवे असतात तेव्हा त्यांच्या पृष्ठभागांवर घासकामाचे सूक्ष्म कंगोरे शिल्लक असतात. ते एकमेकांवर दबून गुळगुळीत होईपर्यंत, तेलाचा पातळ थर फाटला तर धातू धातूला चिकटून सोलला जाण्याची भीती असते.

आता मुख्य अडचण. ऑइल पंपाचे दाबाखालचे तेल कॅमशाफ्टच्या बेअरिंगांपर्यंत पोहोचते, पण लोबपर्यंत नाही. लोबना तेल मिळते ते मुख्यतः खाली फिरणाऱ्या क्रँकशाफ्टवरून उडणाऱ्या शिंतोड्यांतून आणि वरून निथळणाऱ्या थेंबांतून. इंजिन मंद गतीवर असेल, तर शिंतोडे कमी उडतात. शिवाय व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला असताना, म्हणजे लोबचे टोक टॅपेटखाली असताना, मंद गतीत स्प्रिंगचा भार पुरेपूर लोबवर पडतो. वेग वाढला, की वर फेकल्या गेलेल्या टॅपेट-पुशरॉडचा स्वतःचा आवेग त्यातला काही भार टोकावरून उचलून घेतो, आणि पृष्ठभागांची गती तेलाला फटीत ओढायलाही मदत करते. नवे यंत्र जपून, हळूहळू चालवावे, हा शहाणपणा इतरत्र कितीही खरा असला, तरी सपाट बुडाच्या टॅपेटच्या बाबतीत तो उलटा लागू पडतो, आणि चांगले भाग वाया जातात ते पुष्कळदा निष्काळजीपणामुळे नव्हे, तर या चुकीच्या जपण्यामुळे.

तयारीची सुरुवात धुण्यापासून होते. कारखान्यातून येणाऱ्या कॅमशाफ्टवर गंज न चढण्यासाठी लावलेला चिकट थर असतो. ते वंगण नव्हे, म्हणून तो द्रावकाने काढून दांडा कोरडा करावा लागतो. खालचा काळपट रंग मात्र मळ नसतो. अनेक कॅमशाफ्टना मँगनीज फॉस्फेटचा लेप दिलेला असतो, त्याच्या सच्छिद्र पोतात तेल धरून राहते, आणि तो घासून चकचकीत करण्याचा मोह आवरलेला बरा.

त्यानंतर प्रत्येक लोबवर आणि प्रत्येक टॅपेटच्या बुडाला मॉलिब्डेनम डायसल्फाइडची काळी, घट्ट पेस्ट चोळली जाते. या संयुगात मॉलिब्डेनमचा थर गंधकाच्या दोन थरांच्या मध्ये घट्ट बांधलेला असतो, पण असा एक संच दुसऱ्या संचाला अगदी सैल जोडलेला असतो, त्यामुळे दाबाखाली ते संच एकमेकांवरून घसरतात आणि तेल पिळून निघाले तरी धातूंच्या मध्ये काहीतरी उरते. साधे इंजिन ऑइल चार-आठ दिवसांत निथळून जाते. पेस्ट जागची हलत नाही, आणि बांधलेले इंजिन सुरू होण्यापूर्वी महिनाभर पडून राहणे ही नेहमीचीच गोष्ट आहे. डिस्ट्रिब्युटर फिरवणाऱ्या गिअरलाही हीच पेस्ट लागते. बेअरिंगांत फिरणाऱ्या गोल भागांना, म्हणजे जर्नलना, आणि टॅपेटच्या बाजूंना मात्र तेलच पुरते. तिथे पेस्ट थापली तर टॅपेटचे फिरणे जड होते आणि जादा पेस्ट फिल्टरमध्ये जाऊन बसते.

दांडा आत सरकवताना सगळा धोका बेअरिंगांना असतो, कारण ती मऊ मिश्रधातूची असतात आणि लोबची कड लागली तरी ओरखडा उठतो. दांड्याच्या पुढच्या टोकाला दोन-तीन लांब बोल्ट आवळून त्यांची मूठ केली, की तो सरळ धरून फिरवत फिरवत आत नेता येतो. काही जण इंजिन उभे करून दांडा वरून खाली सोडतात; त्यात वजनाचा भार एका बाजूला येत नाही, आणि ही पद्धत जास्त पसरायला हवी होती.

पेस्ट ही पहिल्या काही मिनिटांची सोय असते. पुढचे काम तेलातले झिंक डायअल्किलडायथायोफॉस्फेट करते, ज्याला गॅरेजात नुसते ‘झिंक’ म्हणतात. उष्णता आणि दाब यांच्या जोडीने हे द्रव्य धातूवर काचेसारखा फॉस्फेटचा थर तयार करते, आणि मग धातूऐवजी तो थर झिजत व पुन्हा तयार होत राहतो. त्यातला फॉस्फरस मात्र धुराड्याच्या वाटेने जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी करतो. त्यामुळे अमेरिकेत २००४ च्या सुमारास मोटारींच्या प्रचलित तेलांतला फॉस्फरस ०.०८ टक्क्यांवर मर्यादित करण्यात आला. नव्या गाड्यांचे त्याने फारसे बिघडले नाही, कारण त्यांच्यापैकी पुष्कळांत तोवर टॅपेटला रोलर आले होते. जुन्या इंजिनांना मात्र साध्या दुकानी तेलात ही सोबत पुरेशी मिळेनाशी झाली, आणि पहिल्या चालीसाठी झिंक-फॉस्फरस जास्त असलेले वेगळे तेल वापरण्याची रीत पडली.

सेल्फ मारण्यापूर्वी आणखी एक काम उरते. शेव्हरोलेच्या या इंजिनात ऑइल पंप डिस्ट्रिब्युटरच्या दांड्यावरून चालतो, त्यामुळे डिस्ट्रिब्युटर काढून त्याच्या जागी एक खास दांडा घालून तो ड्रिलने फिरवला, की इंजिन न फिरवता तेल सगळीकडे पोहोचवता येते. रॉकरपर्यंत तेल आलेले डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ड्रिल थांबवू नये. इग्निशनची वेळ, कार्बोरेटरमधले पेट्रोल, रेडिएटरमधले पाणी हे सगळे आधीच सिद्ध ठेवतात, कारण इंजिन पटकन न पेटता सेल्फवर कण्हत राहिले, तर लोबवरची पेस्ट त्या मंद फिरण्यातच पुसून जाते. इंजिन पेटताच वेग मिनिटाला २,००० फेऱ्यांवर नेऊन २,५०० पर्यंत कमी-जास्त करत वीस ते तीस मिनिटे ठेवायचा, मध्ये मंद होऊ द्यायचा नाही. गळती दिसली किंवा इंजिन तापले, तर ते सरळ बंद करून दुरुस्तीनंतर उरलेली मिनिटे पूर्ण करावीत. दुहेरी स्प्रिंगांचे जोरदार इंजिन असेल, तर या काळापुरत्या आतल्या स्प्रिंगा काढून ठेवतात, म्हणजे भार उतरतो.

हे झाल्यावर तेल आणि फिल्टर दोन्ही बदलतात, कारण पेस्ट आणि झिजलेला बारीक धातू त्यांत उतरलेला असतो. टॅपेट आणि लोब यांची जोडी आता कायमची जुळलेली असते. म्हणून पुढे कधी इंजिन उघडले, तर टॅपेट काढतानाच त्यांना क्रमांक घालून ज्याचा त्याच्या जागी परत बसवतात, आणि कॅमशाफ्ट बदलायचा झाला, तर सोळाच्या सोळा टॅपेट नवे घेतात.