मासा ताजा आहे, पण पाणी कुठले?



आपल्या शिध्याच्या पिशवीत आपण सुकट घालतो. किनाऱ्यावरच्या प्रदूषणाच्या इतक्या बातम्या येत असताना आदिवासी कुटुंबांना मासळी द्यावी का, असे काही देणगीदारांनी विचारले आहे. प्रश्न रास्त आहे, पण उत्तर एका शब्दात देता येणार नाही.

जव्हार-मोखाड्यात मोठे रासायनिक कारखाने नाहीत. पहिल्या पावसात वलगणीचे मासे चढू लागले की आमच्या वारली, कोकणा, कातकरी पाड्यांवर रात्री कोणाला झोप नसते. ओढ्यातले मासे आणि खेकडे हेच अनेक घरांतले मांसाहाराचे मुख्य साधन. 1992 मध्ये वावर-वांगणीत कुपोषणाने मुले दगावली, ती याच तालुक्यात. त्यामुळे "मासे खाऊ नका" हे वाक्य इथे तोंडातून काढताना मला भीती वाटते.

अडचण सुरू होते ती दिवाळीनंतर. उचल घेतलेली कुटुंबे वीटभट्टीवर, बांधकामावर भिवंडी, वसई, बोईसरकडे उतरतात. भाजीला पैसे नसतात, म्हणून सवयीप्रमाणे जवळच्या नाल्यात किंवा खाडीत गळ टाकला जातो. बोईसरला लागूनच तारापूरची औद्योगिक वसाहत आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या निर्देशांकात तिला 93.69 गुण मिळाले. देशात सर्वांत जास्त. तिथल्या सांडपाण्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. जानेवारी 2022 मध्ये लवादाने शंभराहून अधिक कारखाने आणि सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र यांच्यावर मिळून दीडशे कोटींहून अधिक रुपयांची भरपाई लावली. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

निर्गमच्या सातव्या अध्यायात नदीतले मासे मेले, पाण्याला दुर्गंधी आली आणि लोकांना कळले की हे पाणी पिण्याजोगे नाही. आजही सांडपाण्यामुळे पाण्यातला प्राणवायू संपला की मासे तडफडून वर येतात. असे तरंगणारे मासे कोणी गोळा करू नयेत, एवढे सांगितले की लोकांना पटते. समजावायला अवघड असतो तो जिवंत, चपळ, वास न येणारा मासा.

पारा पाण्यात गेला की तळाच्या गाळातले जिवाणू त्याचे अधिक घातक रूप करतात. ते आधी सूक्ष्म जीवांत, मग लहान माशांत, मग त्यांना खाणाऱ्या मोठ्या माशांत साठत जाते. म्हणून लहान माशापेक्षा मरळ किंवा मुशीसारख्या शिकारी माशात पारा जास्त. तो मांसातच बसतो. धुऊन, उकळून, मीठ लावून किंवा वाळवून जात नाही. जपानमधल्या मिनामाता गावी एका कारखान्याने 1932 पासून 1968 पर्यंत असे सांडपाणी उपसागरात सोडले. आधी मांजरे वेडीवाकडी नाचू लागली, मग माणसांचे हातपाय थरथरू लागले. 1956 मध्ये या आजाराची अधिकृत नोंद झाली. आई धडधाकट दिसत असतानाही बाळ मेंदूला इजा होऊन जन्मे. मला सर्वांत जास्त हेच बोचते, कारण भट्टीवर जाणाऱ्या बायकांत गरोदर बाया असतातच.

शिसे आणि कॅडमियम यांची गोष्ट थोडी वेगळी. हे धातू मांसापेक्षा कल्ले, काळीज आणि आतड्यांत जास्त साठतात. म्हणून कारखान्यांच्या भागातला मासा खायचीच वेळ आली तर डोके आणि पोटातली घाण काढून टाकायची. पण असा मासा मुळात न धरलेलाच बरा.

आता सुकटीविषयी. सुकटीतला जीव अगदी लहान आणि अल्पायुषी, त्यामुळे त्यात पारा साठायला फारसा वेळ मिळत नाही. बाजारात सुकट कुठल्या बंदरातली आहे हे विचारूनच आम्ही घेतो. ती बंद करणार नाही. उलट, दिवाळीआधी स्थलांतर करणाऱ्या गरोदर बाईच्या पिशवीत पाव किलो जादा घालतो आहोत, म्हणजे तिला नाल्याकडे जावे लागणार नाही. पाड्यावरच्या बैठकीत बायकांना एवढेच सांगतो: भट्टीवर पोचलात की आधी मुकादमाला विचारा, कारखान्याचा पाइप कुठे उघडतो, आणि त्याच्या खालच्या अंगाला गळ टाकू नका.