एकोणतीस शाळांची बाई

सकाळी ७. डब्याआधी पिशवी भरते. जाड रेघांच्या दोन वह्या, काळा मार्कर, चित्रकार्डं, मोजपट्टीची टेप, दिव्यांगत्वाच्या दाखल्याचे कोरे फॉर्म. मी तालुक्याची विशेष शिक्षिका. माझ्याकडे शाळा २९ आणि मुलं ६३. मिळतं ते मानधन, त्याला पगार म्हणायची सोय नाही. प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे आणि वरच्या वर्गांना पंधरांमागे एक विशेष शिक्षक हवा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२१मध्ये सांगितलं. तो हिशेब मी स्कूटीवर करत नाही, खड्डा चुकतो.

१०.१५. पहिली शाळा. दारात नवा रॅम्प, कडेला पिवळा पट्टा. टेप लावली. जोतं दीड फूट, म्हणजे एकास बाराच्या उतारानं अठरा फूट लांबी हवी. सहा फुटांत उरकलाय. त्यावरून चाकाची खुर्ची चढत नाही, उतरताना मात्र सुसाट जाईल. फोटोत छान येतो. मुख्याध्यापकांना म्हटलं, तर ते हसून म्हणाले, “मॅडम, मंजूर रक्कमच तेवढी होती.” त्यांचंही खोटं नाही.

१०.४५. तिसरीचा वर्ग. इथला एक पोरगा गेले दोन महिने माझ्या डोक्यातून जात नाही. केस, भुवया, पापण्या सगळं पांढरं. वर्गशिक्षकांनी मायेनं त्याला पहिल्या बाकावर बसवलंय, खिडकीला लागून, उजेडात नीट दिसावं म्हणून. आणि त्या उजेडानंच त्याला काही दिसत नाही. अल्बिनिझममध्ये डोळ्यात रंगद्रव्य कमी असतं, उजेड अडत नाही, डोळे दिपतात. शिवाय त्याची बुबुळं सारखी हलतात. मान डावीकडे कलती केली की ती जराशी थांबतात आणि अक्षर हाती लागतं. म्हणून तो वाकडी मान करून वाचतो आणि “सरळ बस” असं ऐकून घेतो.

आज मी सरांना त्याच्या बाकावर बसवलं. दहा मिनिटांनी तेच उठले आणि बाकाचं एक टोक धरलं. खिडकीकडे पाठ, फळा समोर, अंतर चार फूट, डोक्यावर टोपी चालेल. मान वाकडी केली तर कुणी बोलायचं नाही. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या सोळाव्या कलमात शाळेनं मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून द्यावी, असं आहे. त्या कलमाला आज सकाळी दोन माणसं आणि एक बाक लागला.

त्याच्या आईनं दाखल्यासाठी तीन खेपा घातल्या. एकदा डॉक्टर नव्हते, एकदा सर्व्हर नव्हता, तिसऱ्यांदा आधारवरचं नाव जुळेना. तिन्ही वेळा मजुरी बुडाली. दाखला भत्त्यांना लागतो, योजनांना लागतो, कबूल. पण बाक हलवायला लागत नाही. तरी “आधी दाखला आणा, मग बघू” ही सवय शाळांना लागलीय आणि ती कायद्यातून आलेली नाही.

१. खिचडी. शाळेतच.

१.४५. वाडीवरचं घर. अकरा वर्षांचा मुलगा, सेरेब्रल पाल्सी. शिक्षण हक्क कायद्यात २०१२च्या दुरुस्तीनं तीव्र आणि बहुविकलांग मुलांना घरी शिकायचा पर्याय मिळाला. पर्याय घरच्यांचा आहे. पण बऱ्याचदा तो शाळाच परस्पर घेऊन टाकते, कारण पटावर नाव राहतं आणि वर्गात मूल नसतं. ह्याच्या वर्गातल्या मुलांना हा कोण ते माहीत नव्हतं. गेल्या महिन्यापासून हजेरीला त्याचं नाव मोठ्यानं घ्यायला लावलंय.

सुतारानं केलेल्या कोपऱ्याच्या खुर्चीत त्याला बसवलं. भाकरी आणि पाणी, दोन कार्डं. वर बघितलं की ‘हो’. आजी म्हणाली, “त्याला काय कळतंय बाई.” मी भाकरी दाखवली, तो ढिम्म. पाणी दाखवलं, नजर वर. पुन्हा उलटसुलट दाखवलं, पुन्हा पाण्यालाच. आजी उठली, काही न बोलता तांब्या भरून आणला आणि पाणी पाजायच्या आधी तिनं त्याला विचारलं.

३.३०. हायस्कूल. दहावीच्या मुलीला लेखनिक हवा, एक इयत्ता खालचा. नववीतली एक हुशार मुलगी तयार आहे, वडील नाहीत. “परीक्षेत काही झालं तर आमच्या पोरीवर यायचं.” त्यांना समजावलं. तासाला वीस मिनिटं जादा, तीन तासांच्या पेपराला चार तास. त्यावर ते म्हणाले, “मग पोरीला घरी आणायला कोण जाणार?” खरा प्रश्न तो होता. मी जाईन म्हटलं. सही मिळाली.

५.३०. गटसाधन केंद्र. माहिती भरणं. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, आता एकवीस. यादी लांबली हे फार बरं झालं, स्वमग्न मुलं आणि अध्ययन अक्षमता असलेली मुलं निदान रकान्यात तरी आली. नेट गेलं. निम्मी उद्या.

९.१०. तिसरीच्या सरांचा फोन.

“मॅडम, एक घोळ झालाय. दुपारी तीननंतर मागच्या झरोक्यातून ऊन येतं, ते थेट फळ्यावर. फळा चकाकतो, त्याला परत दिसेना.”

सरांना हे आपणहून दिसलं, याचाच मला आनंद झाला. “मग काय केलंत?”

“झरोक्याला पोतं लावलं. आता बाकीची पोरं म्हणतात अंधार होतो. उद्या येता का?”

उद्या दुसरी शाळा आहे, उलट्या दिशेला. “तीनला येते,” म्हटलं.